काचेतली झोप

जाग आली तेव्हा त्याला सगळ्यात आधी दिसलं ते काचेला चिकटून चपटं झालेलं एक नाक. मग नाकाभोवतीचा चेहरा, त्याच्यामागे आणखी चेहरे. सगळे हसत होते, पण आवाज अजिबात नव्हता. त्याला वाटलं, आटोपलं आपलं, हाच तो देवाच्या न्यायाचा दिवस. फक्त न्यायाच्या दिवशी लोकांच्या हातात इतक्या बाजाराच्या पिशव्या असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. गालाखाली काहीतरी ओलं लागत होतं. त्यानं हात लावून पाहिला. लाळ. दुकानातल्या सगळ्यात महागड्या गादीवर, सगळ्यात मऊ उशीवर, भर दुपारी, रस्त्याच्या तोंडावरच्या काचेच्या खिडकीत तो तोंड उघडं टाकून झोपला होता. आणि त्या हसऱ्या चेहऱ्यांच्या मागे, पार कडेला, न हसणारा एकच चेहरा होता. तो त्याच्या बायकोचा. तिच्या हातात डबा होता, सकाळी तो घरी विसरून आलेला. त्याची नजर तिच्यावर गेली तशी ती वळली, दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या पावतीवाल्याच्या हातात डबा दिला आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू चालत गर्दीत मिसळून गेली.

खरं तर या खिडकीत झोपायचं त्याचं काम नव्हतंच. तो गाद्या विकायचा. ही सगळी मालकाच्या सुपीक डोक्यातली कल्पना. "गाद्या काय, सगळेच विकतात," मालक म्हणाले होते, "आपण झोप विकू." म्हणून त्यांनी रोजंदारीवर एक झोपणारा आणला. हा गडी आधी रखवालदार होता आणि कामावर झोपतो म्हणूनच त्याची नोकरी गेलेली, म्हणजे शिफारसपत्र याहून चांगलं काय असणार. पण काचेत ठेवल्यावर त्याची झोप जी पळाली ती पळालीच. तो गादीवर मांडी घालून बसला आणि डोळे वटारून रस्ता बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नीट राखण केली. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायला लागलं, या गादीत काहीतरी दडवलेलं आहे. शेवटी हातापाया पडून तो काम सोडून गेला, आणि मालकांची नजर याच्यावर पडली.

"जरा आडवे व्हा हो. दुसरा मिळेपर्यंत."

"मालक, तुम्हाला ठाऊक आहे. मी गादीवर झोपत नाही."

"मग झोपू नकाच की. पडा नुसते. डोळे मिटा. झोपायला सांगतंय कोण?"

आणि तो पडला. डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना म्हणायला लागला, जागं राहायला. पाठ ताठ ठेवली होती. पण गादी ताठ पाठीचं काही ऐकत नाही. ती खांद्याखाली जरा बसली, कमरेखाली जरा वर आली, आणि कितीतरी वर्षांत कुणी विचारलं नव्हतं असं काहीतरी त्याच्या एकेका मणक्याला विचारत गेली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ इथपर्यंत तो पोचला होता, एवढं त्याला आठवत होतं. पुढचं काही नाही.

त्याला मंडळीत फळीबंधू म्हणायचे. मंडळी म्हणजे गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये उपासनेला जमणारी चाळीसएक ख्रिस्ती माणसं, आणि त्यांचे धर्मगुरू, पाळकसाहेब. या मंडळीत वर्षातून एकदा ठेवणीचा रविवार असायचा. त्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून एक ऐहिक सुख प्रभूच्या पायाशी ठेवायचं, सार्वकालिक जीवनासाठी कायमचं सोडायचं, आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग लोकांकडची सुखं संपत आली. ज्यांना एकही दात उरला नव्हता त्या आजोबांनी सुकामेवा सोडला. डॉक्टरनं साखर बंद केलेल्या बाईंनी साखर सोडली आणि डोळे पुसले. ऐकू न येणाऱ्या एका बंधूंनी संगीत सोडलं, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून आमेन इतक्या मोठ्यानं म्हणावं लागलं की खाली गॅरेजमधला माणूस काय झालं म्हणून वर आला. या असल्या ठेवणींत एका रविवारी हा उभा राहिला. प्रभूला डोकं टेकायला जागा नव्हती, तो म्हणाला, आणि मी, जो दिवसभर लोकांना मऊ गाद्या विकतो, तो मी आजपासून गादी सोडतो. जिवंत आहे तोवर फळीवर झोपेन. हॉल गप्प झाला. गप्प होण्यासारखंच होतं, कारण हे खरंखुरं सोडणं होतं, आणि तसलं काही ऐकायची लोकांना सवय राहिली नव्हती. मग असं आमेन झालं की खिडक्यांची तावदानं वाजली. बायकांच्या बाजूनंही झालं. त्यात आपल्या बायकोचा आवाज होता असं तो पुढे नेहमी सांगायचा. आता, दुकानात डबा झाकण उघडून समोर ठेवलेला असताना आणि घास तोंडात फिरत असताना, तो तिचा आवाज त्या आमेनमध्ये शोधत होता आणि त्याला तो सापडत नव्हता.

त्याच आठवड्यात गॅरेजवाल्यानं आपलं जुनं लाकडी दार काढून लोखंडी शटर बसवलं. दाराच्या दोन झडपा होत्या. देवाची योजना बघा, पाळकसाहेब म्हणाले, आणि नळवाल्या बंधूंनी त्या झडपा जिन्यावरून वर, त्याच्या घरात आणून दिल्या. हॉलच्या वरच्याच मजल्यावर तो राहायचा. एक झडप त्याची, एक तिची. तिचा प्रश्न कुणी काढलाच नाही. नवऱ्यानं गादी सोडली म्हटल्यावर घरातली गादी जाणार, हे इतकं उघड होतं. ती गादी तिच्या वडिलांनी भरलेली. त्यांचा तो धंदाच होता, कापूस पिंजून गाद्या भरायचा. लेकीच्या लग्नात त्यांनी चांगल्यात चांगला कापूस बाजूला काढून स्वतःच्या हातानं ती भरली होती, आणि कडेला निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण घातली होती, जी ते गिऱ्हाइकांसाठी कधी घालत नसत. गादी गरजूंना द्यायची म्हणून पाळकसाहेबांकडे गेली. पुढे एकदा काही कामानं तो त्यांच्या घरी गेला, तर पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगावरच्या चादरीखालून निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण दिसत होती. त्या रात्री तिथे बाहेरगावचे एक वक्ते उतरले होते. दुसऱ्या दिवशी ते टवटवीत चेहऱ्यानं उभे राहिले आणि स्वर्गाकडे नेणाऱ्या अरुंद वाटेवर फार सुरेख बोलले. त्यानं बायकोला सांगितलं नाही. गरजू शब्दाचा अर्थ किती मोठा असतो, अशी स्वतःची समजूत घातली आणि वर तिलाही उगाच त्रास नको, अशी दुसरी.

फळीवर झोपणं त्याला जड गेलं का? पहिले काही महिने गेलं. अंग असं दुखायचं की सकाळी उठून बसायला भिंत लागायची. पण त्या दुखण्यात एक चव होती. दुकानात गिऱ्हाईक गादीवर लोळून बघायचं आणि हा शेजारी उभा राहून तळहातानं गादी दाबून दाखवायचा. तळहाताला काय पाप लागायचंय. "तुम्ही स्वतः कुठली वापरता हो?" असं कुणी विचारलं की तो नुसता हसायचा, आणि ते हसू दिवसभर पुरायचं. मंडळीत नवा माणूस आला की त्याला फळीबंधूंकडे बोट करून दाखवायचे. दर वर्षी ठेवणीच्या रविवारी त्याला साक्ष द्यायला उभं करायचे, आणि तो सांगायचा, माझी पत्नीसुद्धा, बंधूंनो, माझी दुबळी पत्नीसुद्धा रोज त्या फळीवर अंग टाकताना प्रभूचं नाव घेते. तिचा शेवटचा शब्द प्रभू असतो. बायका माना वळवून तिच्याकडे बघायच्या. ती मांडीवरच्या हातांकडे बघायची.

एकदा, फार मागे, कपडे वाळत घालता घालता तिनं विचारलं होतं, "स्वर्गात झोपायला मिळतं का हो?" तो हसला होता. तिथे रात्रच नाही म्हणे, सगळा उजेडच उजेड. "मग कंबर कधी टेकायची?" ती म्हणाली होती. हा विनोद म्हणून त्यानं मंडळीत सांगितला होता आणि लोक हसलेही होते.

घरी गेला तेव्हा ती वाळलेले कपडे घड्या करत बसली होती. भिंतीला टेकून, पाय लांब करून, कारण मांडी घालून बसणं तिला आता जमायचं नाही.

"जेवलात?"

"जेवलो."

"छान झोपला होतात."

त्यानं रिकामा डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "घोरत होतो का?"

"काचेतून आवाज येत नाही."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं झालं असतं. रागाशी कसं वागायचं ते त्याला येत होतं. "मालकांनी सांगितलं म्हणून पडलो," तो म्हणाला. "डोळा लागला. देह दुबळा असतो. मी येत्या रविवारी उभा राहतो. सगळ्यांसमोर कबूल करतो. ज्या देहाला इतकी वर्षं फळीवर वाकवलं, तोच देह कसा एका दुपारीत फितूर झाला, आणि तरी प्रभूची कृपा कशी..." बोलता बोलता शब्द आपोआप रांगेत यायला लागले होते. आवाज कुठे खाली घ्यायचा, कुठे थांबायचं, तेही आपसूक ठरत होतं. तिच्या हातातली घडी थांबली.

"आत्ता तस्साच झाला," ती म्हणाली.

"काय?"

"चेहरा. काचेत होता तसा. मघाशी मी तिथे उभी राहून तेच आठवत होते, हा असा सुखावलेला चेहरा आपण कुठे बघितलाय. घरी तर नाही बघितला. मग चालता चालता आठवलं. साक्ष देता ना, तेव्हा असतो. फक्त लाळ नसते."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि ते तोंड उघडलेलं कसं दिसत असेल या विचारानं मिटलं. ती पुन्हा घड्या घालायला लागली होती. चादरीची दोन टोकं जुळेनात म्हणून तिनं एक त्याच्या हातात दिलं, आणि दोघं चादर ताणून उभी राहिली, रोज राहायची तशी.

"तुम्ही सोडलंत काय हो नेमकं?" ती म्हणाली. "मला खरंच कळत नाही. अर्धी गादी माझी होती."

"प्रभूला डोकं टेकायला जागा नव्हती," तो म्हणाला, पण या वेळी ते साक्षीसारखं आलं नाही, पाठांतर चुकलेल्या पोरासारखं आलं.

"जागा नव्हती. पण वादळात तारू हेलकावे खात होतं तेव्हा तो उशीवर डोकं ठेवून झोपला होता. तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवलंयत. मला ती उशी लक्षात राहिली." तिनं चादरीची घडी त्याच्या हातातून काढून घेतली. "तारवात उशी आपोआप येत नाही. कुणीतरी आणून त्याच्या डोक्याखाली घातली असेल. मी त्या माणसाचा विचार करते कधी कधी. त्यानं काय सोडलं होतं, काय नाही, कुणी लिहून ठेवलं नाही."

त्यानंतरचे दोन-तीन दिवस त्याला आपल्याच चेहऱ्याची भीती वाटत होती. गिऱ्हाइकाशी बोलताना, रस्ता ओलांडताना, न्हाणीत आरशासमोर, तो मधेच गालाला हात लावून बघायचा, तो चेहरा आलाय का. सार्वकालिक जीवन म्हणजे आजवर त्याला एक लांबलचक उजळ खोली दिसायची, जिच्या दारात त्याचं नाव घेऊन कुणीतरी त्याला आत बोलावतंय. आता त्या खोलीला काचेची भिंत आली होती आणि बाहेर बायको डबा घेऊन उभी होती. दुनियेची सगळी सुखं आपण ओवाळून टाकली असं समजत आलो, आणि एक सुख मात्र रोज चाटूनपुसून खाल्लं. तेही तिच्या ताटातलं. मग तिकडचं काय राहिलं आपलं? आणि इकडचं तरी काय? दुकानात त्या खिडकीतली गादी परत आत आणून ठेवली होती. उशीवरून ओघळून तिच्यावर त्याच्या लाळेचा गोल डाग पडला होता, पुसून न जाणारा. "उष्टी गादी कोण घेणार?" मालक म्हणाले. "घेऊन जा घरी. आणि रविवारी सकाळीच उचला, गिऱ्हाइकं यायच्या आत." पावतीवाला येशूच्या शब्दांत म्हणाला, "उचला आपली बाज आणि चालू लागा," आणि स्वतःच्याच विनोदावर कितीतरी वेळ हसत राहिला.

रविवारी तो उपासनेला गेला नाही. गादी डोक्यावर घेऊन रस्त्यानं निघाला. गादी दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर उतरायची, त्यामुळे त्याला फक्त स्वतःचे पाय आणि लोकांच्या चपला दिसत होत्या. एका कुत्र्यानं बराच रस्ता सोबत केली. वळणावर एका सायकलवाल्यानं त्याला धडक दिली, दोघं गादीवर पडले, आणि सायकलवाला लगेच उठलाच नाही. "कुठून घेतली हो?" त्यानं पडल्या पडल्या विचारलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं फळीबंधूनं दुकानाचं नाव सांगितलं, टिकाऊपणाही सांगितला.

घराच्या जिन्यात गादी अडकली. हॉल पहिल्या मजल्यावर, त्याचं घर त्याच्यावर, आणि मधल्या वळणावर, बरोबर हॉलच्या दाराशी, गादीनं जिना बुचासारखा बंद केला. वर जाईना, खाली येईना. तो खालून रेटत होता तेवढ्यात उपासना सुटली. मंडळी दारातून बाहेर आली आणि गादीच्या त्या बाजूला साठत गेली. कुणालाच खाली उतरता येईना. कुणीतरी गादीला टिचकी मारून पाहिली. साखर सोडलेल्या बाई म्हणाल्या, "केवढी मऊ आहे." मग गादीच्या वरच्या कडेवरून पाळकसाहेबांचा चेहरा दिसला.

"फळीबंधू. हे काय?"

सगळे गप्प झाले. असली शांतता त्याला ओळखीची होती. शब्द तयारच होते, तेही रांगेत. माझ्या दुबळ्या पत्नीची कंबर. माझा अहंकार. प्रीतीपुढे मी हरलो, बंधूंनो. एवढं म्हटलं की आमेन होणार, पाळकसाहेब पुढच्या रविवारी याच्यावर बोलणार, आणि बायका माना वळवून पुन्हा तिच्याकडे बघणार. शिंक यावी तसा तो चेहरा त्याच्या गालांत चढत होता. त्यानं दात आवळले.

"गादी आहे," तो म्हणाला.

"ते दिसतंय. कुणाची?"

"माझी."

"काय म्हणाला?" ऐकू न येणाऱ्या बंधूंनी मोठ्यानं विचारलं.

"त्याची आहे म्हणे," कुणीतरी त्यांच्या कानात ओरडलं.

आमेन कुणी म्हणालं नाही. दात नसलेल्या आजोबांनी च्यक् केलं. नळवाल्या बंधूंनी, ज्यांनी त्या झडपा वर आणल्या होत्या, त्यांनीच न बोलता एक कोपरा धरला, गादी मुडपली आणि वळणातून सोडवली. मग माणसं त्याच्याकडे न बघता, अंग चोरून, भिंतीला घासत एकामागोमाग एक खाली उतरली. हे तरी आपल्या नावावर धरलं जाईल का तिकडे स्वर्गात, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच त्याला स्वतःची शिसारी आली.

दुपारी त्यानं तिची झडप उचलून भिंतीला लावली, तेव्हा वरचं फडकं खाली पडलं. त्याच्या खाली कोयंड्याचा खिळा होता, डोकं न ठोकलेला, कमरेच्या जागी. त्यानं बोट फिरवून पाहिलं. फडक्याच्या घडीला खिळ्याएवढा खड्डा पडला होता.

"हे कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तुम्ही तो उपटला असतात आणि रविवारी सांगितलं असतं."

ती नव्या गादीवर आडवी झाली. जरा वेळ तशीच राहिली, वर बघत. त्याला वाटलं, झालं, आता डोळा लागेल. मग तिनं हात पुढे केला. "उठवा मला. बुडाल्यासारखं होतंय."

"सवय होईल."

"या वयात?" ती भिंतीला धरून उभी राहिली. "कंबर विसरली हो. तिला आता कडकच लागतं. आणा ती झडप खाली." त्यानं आपली झडप पुढे केली, खिळा नसलेली. तिनं मान हलवली. "राहू दे. माझी मला बरी. तुम्ही पडा तिथे."

"मी? मी कसा..."

"तुम्हाला येते झोप. मी बघितलंय."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पाळकसाहेबांची चाल दोघांनाही ओळखू यायची. तो उभा होता, गादीच्या कडेशी. बोलावं लागणार, आणि बोललं की तो चेहरा येणार. तो मटकन गादीवर पडला, कुशीवर वळला आणि डोळे मिटले.

"झोपलेत," त्यानं तिला दारात सांगताना ऐकलं.

"हो का." पाळकसाहेब आत आले होते. त्यांची सावली त्याच्या पापण्यांवरून सरकली. "मी जरा काळजीनं आलो. माणूस घसरतो, पण परत उठतो. त्यांनी ही गादी पुढच्या रविवारी प्रभूच्या पायाशी ठेवली, तर मंडळी सगळं विसरेल. आणि पुढच्या आठवड्यात वक्तेही येताहेत. आमची पाहुण्यांची गादी आता अगदीच बसलीय."

"बसणारच," बायको म्हणाली. "तिला महिन्यातून एकदा ऊन दाखवावं लागतं. बाबा सांगायचे. निळ्या शिवणीची बाजू वर करून घालायची."

त्याच्या मिटल्या डोळ्यांच्या आत सगळं लख्ख झालं. किती वर्षं ठाऊक होतं हिला? सणावाराला मंडळीतल्या बायका पाळकसाहेबांचं घर आवरायला जायच्या. हीच चादरी घालायची पाहुण्यांच्या पलंगावर.

"उठवता का त्यांना?" पाळकसाहेबांचा आवाज थोडा घसरला होता.

"नको. झोपू दे."

ते गेले नाहीत लगेच. ते त्याच्याकडे बघत होते, त्याला कळत होतं. आपला चेहरा या क्षणी कसा आहे, हे मात्र त्याला कळायला मार्ग नव्हता. तोंड थोडं उघडं ठेवावं की मिटावं, तो ठरवू शकत नव्हता. त्या दिवशी काचेत तो खरा झोपला होता आणि लोक हसले होते. आज तो टक्क जागा होता आणि कुणी हसत नव्हतं. मग पावलं जिन्यावरून उतरत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

"गेले," ती म्हणाली.

तो उठला नाही. झडप जमिनीवर सरकवल्याचा आवाज झाला, फडकं झटकल्याचा, मग भिंतीवर टेकवलेल्या तळहाताचा. ती खाली बसली, एका कुशीवर झाली, आणि अंग फळीला टेकलं तसा रोजचा तो शब्द तिच्या तोंडून निघाला. प्रभू रे. तो शब्द कमरेतून निघत होता. खिळ्याजवळून कुठूनतरी सुरू होऊन, बरगड्यांतून वाट काढत, दातांच्या फटीतून बाहेर पडत होता. आमेन म्हणायला सवयीनं त्याची जीभ हलली. त्यानं ती दातांखाली धरली आणि जागं राहायचा प्रयत्न करायला लागला. पण गादी खरोखरच फार चांगली होती. खांद्याखाली ती जरा बसली, कमरेखाली जरा वर आली.